गंज मुलुंडचा

कुंडलिकच्या बोटांना रेषा नव्हत्या. दहाच्या दहा टोकं ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत. रेशन कचेरीतल्या कारकुनानं एकदा त्याला अंगठा उठवायला सांगितलं, तर कागदावर नुसता काळा ठिपका पडला.

कारकून खेकसला, "नीट दाब की!"

"नीटच दाबलाय," कुंडलिक म्हणाला. "अठरा वर्सं दगडावर दाबतोय. तिकडं उठला असंल कुठंतरी. तुमच्या कागदाला काय उरनार?"

आणि खिशातलं पेन काढून त्यानं झोकात सही ठोकली. सही देखणी होती त्याची. 'लि'ची वेलांटी वर वळून पार आडनावापर्यंत जायची. सातवी शिकलेल्या माणसाला एवढी सही कशाला, असं संस्थेतले लोक मागून म्हणायचे. पण त्या सहीच्या वर त्यानं कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि शहाऐंशी सालात एका दगडापायी ते लिहायची पाळी आली.

मुलुंडला, मोठ्या रस्त्यावरच्या कारखान्यांच्या पिछाडीला ही संस्था. धरणाच्या पायातला, बोगद्यातला, विहिरीतला दगड तिथं यायचा आणि जात लावून घेऊन परत जायचा. कुंडलिक म्हणायचा, "मानसाची जात लावायला काय लागतं? नाव इचारलं की झालं. दगडाला मातर आठ दिवस लागत्यात. दगड बरा, त्याची चौकशी तरी नीट हुती."

त्या चौकशीतलं कळीचं काम कुंडलिककडं. दगडाची बिस्किटाएवढी चकती कापायची, राळेनं काचपट्टीवर चिकटवायची आणि भुकटी टाकून घासत सुटायचं. घासता घासता दगड इतका पातळ झाला पाहिजे की त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. डोक्याच्या केसाच्या निम्म्यानं जाड. एक हात जास्ती फिरला तर दगड पुसून जातो, काच तेवढी उरते. एक हात कमी फिरला तर मायक्रोस्कोपखाली रंग खोटे दिसतात आणि साहेब खोटी जात लावून बसतो. मोजायला यंत्र होतं, ते कायम दुरुस्तीला. कुंडलिक कानानं मोजायचा. आधी खर्र वाजतं, मग सर्र, मग आवाजच बसतो. आवाज बसला की थांबायचं. अख्ख्या मुंबईत हे कानानं करणारे दोन-तीन जण असतील-नसतील. हुद्दा काय, तर मदतनीस. साहेबलोक आपसात त्याला 'घासणारा' म्हणत. जसं काय तो भांडीच घासत होता.

दगडाची ओळख त्याला संस्थेनं करून दिली नव्हती. माण तालुक्यातलं त्याचं गाव, जिथं दगड सोडून दुसरं पीक येत नाही. बाप भीमराज तिथल्या खाणीवर घडीव दगड काढायचा. ठेकेदार मोठा इब्लीस. घडवलेला दगड पावसाळाभर खड्ड्यातल्या पाण्यात पडू द्यायचा आणि दिवाळीनंतर येऊन म्हणायचा, "तुझा दगड कुजका निघाला रे भीमराज. नापास." पहिल्या वर्षी भीमराज ऐकून घेऊन घरी आला. दुसऱ्या वर्षापासून त्यानं एक रीत धरली. कुठल्याही दगडाला पहिली टाकी मारली की जी पहिली कपची उडते, ती उचलायची, फडक्यात बांधायची आणि आढ्याला खोचायची. दगड पास होऊन खाणीबाहेर जाईपर्यंत ती कपची घरातून हलवायची नाही. ठेकेदार नापास म्हणाला की कपची त्याच्या नाकापुढं धरायची. "ही बगा. हिच्या अंगाला कुठं कीड हाय दावा. दगड तुमी कुजवलाय, मी न्हाई." बघता बघता खाणीवरची सगळीच माणसं कपच्या राखायला लागली. ठेकेदार चरफडायचा; पण कपचीपुढं त्याचं काही चालायचं नाही.

"दगडाला तोंड नसतं," भीमराज पोराला सांगायचा. "त्याचं तोंड म्हंजी ही कपची. ती हरवली की मंग ठेकेदारच दगडाच्या तोंडानं बोलतोय."

बाप गेला, गाव सुटलं, कुंडलिक असल्फ्याच्या डोंगरावर खोली बांधून राहिला; पण रीत सुटली नाही. संस्थेत येणाऱ्या प्रत्येक दगडाची पहिली कपची तो पत्र्याच्या डबीत टाकून आपल्या मेजाच्या खणात ठेवायचा, आणि दगडाचा निकाल लागला की मागल्या कंपाउंडात फेकून द्यायचा. ह्याचा कुणाला पत्ता नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं.

शहाऐंशी साल म्हणजे धूमकेतूचं साल. ज्याला घराचं छप्पर कुठं गळतं ते कधी वर बघून कळलं नाही, तोही माणूस त्या वर्षी आभाळाकडं बघत होता. अशात जानेवारीच्या अखेरीस अनुपमा राजस्थानातून परत आली. जोगेश्वरीची पोरगी, बाप गिरणीत होता, अंगानं काटकुळी. पण संस्थेतून रानोमाळ दगड गोळा करत हिंडणारी पहिली बाई. ती जैसलमेरच्या पलीकडं वाळवंटात विहिरींचे दगड बघायला गेली होती. येताना एका गोणपाटात तीन किलोचा एक दगड घेऊन आली आणि तडक कुंडलिकच्या मेजावर ठेवला.

"कुंडलिकदादा, सोडा बघू."

गोणपाट सोडलं. आत काळा दगड. तव्याच्या बुडाला धरते तसली काळी, पातळ साल सगळ्या अंगाला. कुंडलिकनं हातात घेऊन तोलला. आकाराच्या मानानं जडशीळ. मेजावरचा लोहचुंबक जवळ नेला तर टच्चकन चिकटला.

"हा हितला न्हवं, बाई."

"इथला म्हणजे?"

"हितला म्हंजी खालचा. ह्यो वरनं आलाय."

अनुपमाला हसू आलं. मग तिनं सगळी हकीगत सांगितली. रतन नावाची एक बाई शेळ्या राखते तिकडं. दिवाळीच्या पाडव्याला भर दुपारी आभाळ स्वच्छ असताना गडगडाट झाला, शेळ्या उधळल्या, आणि हाकेच्या अंतरावर वाळूत काहीतरी धप्पकन पडलं. रतन जाऊन बघते तर हा दगड. तिनं उचलून घरी नेला आणि दारापाशी ठेवला. अडीच महिने तो तिथंच होता. त्या दिवसांत पावसाचा थेंब नाही.

"मी विचारलं, उचलला तेव्हा हाताला चटका बसला का? तर म्हणाली, छट्, गार होता. माठातल्या पाण्यासारखा."

मागं उभे असलेले चंद्रप्रकाश साहेब फस्सकन हसले. विभागाचे प्रमुख. काळ्या कातळावरचा मोठा अभ्यास होता त्यांचा. पण आभाळातला दगड त्यांनीही जन्मात पहिल्यांदाच पाहिला होता.

"वा! आगीचा गोळा आकाशातून पडतो आणि हिला गार लागतो! अनुपमा, ह्या अडाणी बायका तुला काहीही सांगतात आणि तू लिहून आणतेस. वर्षानुवर्षं वाळूत पडलेला असणार. तिला सापडला, तिनं कहाणी रचली."

"सर, पुस्तकात आहे. वरची साल जळते, आतला दगड गारच राहतो. बरेचसे गारच सापडलेत."

"ते पुस्तक रतननं वाचलं होतं का?"

"न्हाई ना वाचलं," कुंडलिक मधेच बोलला. "म्हनूनच खरं सांगितलं. खोटं बोलायचं असतं तर चटका बसला म्हनाली असती. हातावर फोड बी दावला असता."

साहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काय मेजच बोललं. "तू कापायचं बघ."

कुंडलिकनं बापाची टाकी काढली आणि दगडाच्या एका कोपऱ्याला अलगद मारली. करंगळीच्या नखाएवढी कपची उडाली. आतला दगड ओल्या गिलाव्यासारखा राखाडी, त्यात चांदीच्या टिकल्या पेराव्यात तसं लोखंड चकाकत होतं. भिंगातून बघितलं तर राजगिऱ्यासारखे गोल गोल दाणे. असले दाणे त्यानं अठरा वर्षांत बघितले नव्हते. त्यानं दोन-चार चुरे अनुपमाला दिले, आणि कपची राकेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत घातली.

त्या दुपारी अनुपमानं त्याला ह्या दगडांची जात कशी लावतात ते समजावलं. लोखंड भरपूर असलं तर 'एच', कमी असलं तर 'एल'. मग आकडा. गोल दाणे टवटवीत, वेगवेगळे दिसले तर तीन. आभाळात असतानाच तापून तापून आजूबाजूच्या दगडात पार विरून गेले तर सहा. अलीकडं-पलीकडं चार, पाच. आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात मोलाची. कुणी पडताना पाहिलेला, की नुसताच सापडलेला? पाहिलेल्याचा मान वेगळा. त्याचा दिवस माहीत असतो, त्याच्यावर इथल्या पाण्यावाऱ्याचा हात फिरलेला नसतो.

"म्हंजी रतनबाईच्या शब्दावर अर्धी जात हाय ह्याची," कुंडलिक म्हणाला.

"शब्दावर आणि तुमच्या काचपट्टीवर. आत गंज नसला तर तिचा शब्द खरा."

अनुपमानं चुऱ्यातले कण वेगवेगळ्या तेलांत टाकले, कुठल्या तेलात ते दिसेनासे होतात ते पाहिलं, त्यावरून लोखंड किती ते ताडलं आणि सांगितलं, एच. कुंडलिकनं काचपट्टी करायची तेवढी राहिली.

आता लोखंडवाल्या दगडाला पाणी लावत नाहीत. पाण्यात कापला की रात्रीतून तांबेरा धरतो. तो राकेलात कापायचा. पण संस्थेचं राकेल संपलेलं; परवाना दीड महिना साहेबांच्या मेजावर सहीवाचून पडलेला. मग कुंडलिकनं घरच्या रेशनमधली एक बाटली उचलली. बायको शकु आडवी आली. "आणि मी इस्टो कशावर पेटवू? तुमच्या दगडावर?"

"चार दिवस चुलीवर कर. दगड आभाळातला हाय."

"मग त्याचं राकेल बी आभाळातनं मागवा की!"

पण बाटली दिली तिनं. कुंडलिक ती घेऊन आला तर संस्थेत पाहुणे. धूमकेतूचं वेड, त्यामुळं वर्तमानपत्रवाले, कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्या बायका. चंद्रप्रकाश साहेबांनी सगळ्यांना कापायच्या खोलीत आणलं होतं आणि आभाळातला दगड सगळ्यांसमोर कापायचा होता.

"कुंडलिक, लाव मशीन."

"सायेब, जरा थांबा. राकेल भरतो."

"राकेल नको. वास मारतो. बायका आहेत. पाणी सोड."

"सायेब, ह्याला पानी चालत न्हाई. लोखंड हाय ह्यात. गंजून जाईल."

"डोकं लावू नकोस. पाच मिनिटांचं काम."

कुंडलिक हलला नाही. तेव्हा साहेबांनी स्वतः हात लांब करून नळ सोडला. बादली धरून उभा होता लवू शिपाई, मालवणकडचा, रिटायर व्हायला सात महिने उरलेला. पाणी उडालं, पातं फिरलं, चकती पडली. टाळ्या वाजल्या. साहेबांनी ती चकती पांढऱ्या तबकात ठेवली, वर भरपूर पाणी ओतलं. पाण्यात दाणे उठून दिसतात ना! पाहुण्यांनी माना वाकवून बघितलं, फोटो निघाला. मग सगळे चहाला गेले. जाताना साहेबांनी खोलीला कुलूप लावलं, कारण वस्तू आता पेपरात येणार होती.

"सायेब, चकती पान्यातच ऱ्हायली. काढून पुसतो."

"उद्या बघू. किल्ली माझ्याकडे असू दे."

तो उद्या चार दिवसांनी उजाडला. मधे होळी, जोडून रजा आणि शनिवार-रविवार. चार दिवस कुंडलिकचा जीव त्या तबकात. सोमवारी खोली उघडली तर पाणी चहासारखं झालेलं. चांदीच्या टिकल्यांच्या जागी तांबूस डाग, आणि त्या डागांच्या शिरा सगळ्या चकतीभर.

"हा बघ," साहेब म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? गंजलेला दगड आहे. वर्षानुवर्षांचा."

कुंडलिकला वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत. आपणच ओतलेलं पाणी हा माणूस विसरला की काय? विसरला नव्हता. मोठ्या माणसाची विसरायची एक पद्धत असते, ती नेमकी आपल्या चुकीपासून सुरू होते.

महिनाभरानं निबंध टाइप होऊन आला. चंद्रप्रकाश साहेबांनी त्या गंजलेल्या चकतीचीच काचपट्टी कुंडलिककडून करून घेतली, तिच्यातले लोखंडाचे कण मोजले, अर्थातच कमी भरले, म्हणून 'एल'. आत गंज फार, म्हणून जुना. जुना, म्हणून कुणी पडताना पाहिला असणं शक्य नाही. रतनबद्दल एक ओळ होती: 'स्थानिक दंतकथा विश्वासार्ह नाही.' अनुपमा तेलाची तपासणी घेऊन भांडायला गेली. साहेब म्हणाले, निबंध संचालकांसमोर वाचायचा आहे, तेव्हा बोल. ती बाहेर पडली आणि कुंडलिकला आत बोलावणं आलं.

संस्थेची पद्धत अशी, की प्रत्येक काचपट्टीबरोबर ती करणाऱ्याची चिठ्ठी जाते. दगड आला तेव्हा कसा होता, कशात कापला, किती घासला, खाली सही. चिठ्ठीशिवाय निबंध पुढं सरकत नाही. साहेबांनी कोरी चिठ्ठी पुढं सरकवली.

"लिही. दगड आला तेव्हाच आतून गंजलेला होता. राकेलात कापला."

"न्हवता सायेब. आनि पान्यात कापला. तुमीच न्हाई का नळ..."

"कुंडलिक." साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "तंत्रज्ञाची जागा निघाली आहे. अठरा वर्षं झाली तुला. शिफारस माझीच लागते. आणि हे बघ, चकती इथं गंजली असं कुणी म्हणालंच, तर ती कापली कोणी? कापणारा तू. वर्तमानपत्रातल्या फोटोत मशीनजवळ तूच उभा आहेस. म्हणजे दोन रस्ते आहेत. एक, दगड तसाच आला. दोन, तू बिघडवलास. कुठला लिहितोस?"

कुंडलिक चिठ्ठी घेऊन बाहेर आला. मागच्या पायरीवर लवू विडी ओढत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मेल्या, लिवन् टाक. दगडाच्या बापाचा काय जाता?"

"लवू, तू व्हतास. तू बादली धरलीस."

"मी होतंय. पण माका मधी घालू नको रे. सहा म्हयने रवले माझे."

"घालत न्हाई. बस विडी वढत."

घरी शकुनं ताट वाढलं आणि नवऱ्याचं तोंड बघून विचारलं, कोण मेलं? त्यानं सांगितलं. शकु ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईनं दगड दिला, तिचं खोटं. तुम्ही पाणी नको म्हनला, तुमचं खोटं. माझं राकेल गेलं ते बी खोटंच म्हना. खरा एकटा त्यो नळ सोडनारा!"

"तंत्रज्ञाची जागा जाईल."

"मला इचारताय का सांगताय?"

"सांगतोय."

"मंग जेवा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुंडलिकनं खणातली डबी काढली. कपची जशीच्या तशी, चांदी लकाकत होती. शकुच्या राकेलाची तशीच राहिलेली बाटली घेतली आणि अर्ध्या कपचीची नवी काचपट्टी करायला बसला. नखाएवढा तुकडा, बोटाखाली धरायलाही पुरेना. मशीनला हात लावला नाही, सगळं हातानं. खर्र, सर्र. तीन सुट्ट्या गेल्या त्यात. आवाज बसला तेव्हा काचेवर शेंगदाण्याच्या फोलाएवढा दगड उरला होता. अनुपमानं मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि बराच वेळ डोळा उचललाच नाही.

"दादा, एच-पाच. गंज नावालाही नाही. ही कपची तुमच्याकडं होती आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"दगड अजून नापास झाला न्हवता ना, बाई. कपची आधी दावत न्हाईत. नापास म्हनू द्यायचं, मंग दावायची. आधी दावली की ठेकेदार दुसरी युक्ती काढतोय."

निबंध वाचायच्या दिवशी लांब मेजाभोवती सगळे जमले. संचालक मध्यभागी, वयस्कर, कमी बोलणारे, संस्थेच्या नावाला फार जपणारे. कुंडलिक पडद्यावर काचपट्टी दाखवायच्या मशीनपाशी. लवू चहाचा ट्रे घेऊन दाराशी. साहेबांनी वाचलं. एल, जुना, सापडलेला, दंतकथा विश्वासार्ह नाही. अनुपमा उठली, तेलाची तपासणी सांगितली. साहेब म्हणाले, तरुण सहकाऱ्यांचा उत्साह मी समजू शकतो. पण गंज समोर दिसतो आहे.

"काचपट्टीची चिठ्ठी?" संचालकांनी विचारलं.

कुंडलिकनं पुढं होऊन चिठ्ठी दिली. साहेबांनी मान डोलावली. त्यांना वाटत होतं, त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. संचालकांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं:

"दगड आला तेव्हा आतून राखाडी, लोखंड चांदीसारखं, गंज नाही. राकेल आणलं होतं ते वापरू दिलं नाही. पाण्यात कापला. नळ साहेबांनी सोडला. चार दिवस कुलपात पाण्यात होता. गंज मुलुंडचा आहे, राजस्थानचा नाही."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"सर, हा आपली चूक झाकतोय! ह्यानंच पाणी लावलं. माझ्या गैरहजेरीत!"

"गैरहजेरीत?" कुंडलिकचा आवाज चढला, आणि एकदा चढल्यावर खाली येईना. "फोटोत तुमी हाईसा की! मी लावलं पानी? मी? अठरा वर्सं तुमच्या हातात काचपट्ट्या देतोय, एक दिवस म्हनला का कुंडलिक, ही जाड झाली? माझ्या बापाचे दगड बी असंच पान्यात कुजवून नापास करायचे तुमच्यासारके. तितं ठेकेदार शिकलेला तरी न्हवता! त्या बाईनं आभाळातनं पडलेला दगड फुकट दिला तुमाला, एक पैसा न्हाई मागितला, आनि तुमी तिला लबाड लिवता? ती लबाड, मी घासनारा, आनि गंज कुनाचा?"

त्यानं खिशातून काचपट्टी काढून मेजावर ठेवली. "ही पहिली कपची. दगडाला पहिली टाकी मारली तवाची. पानी लागलेलं न्हाई. बगा आनि ठरवा."

"ही ह्याच दगडाची कशावरून?" साहेब ओरडले.

"दगड आना हितं. कोपरा तुटलाय त्यात बसती का न्हाई बगा. अर्धी राखलीय मी तिची." अर्धी कपची काचेवर गेली होती, अर्धी डबीत होती. दगड आणला. डबीतली अर्धी कोपऱ्यात टेकवली, तर काळ्या सालीला साल जुळली.

तेवढ्यात दारातून ट्रे खणकला. लवूनं तो खाली ठेवला.

"नळ सायबान सोडल्यान," तो म्हणाला. "बादली माझ्या हातात होती. आता काय तां करा माझा."

संचालकांनी दोन्ही काचपट्ट्या बघितल्या. आधी एक, मग दुसरी, मग परत पहिली. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "निबंध दुरुस्त करा. एच-पाच. पडताना पाहिलेला." पुढं म्हणाले, "आणि ही चिठ्ठी बाहेर जाणार नाही. दुसरी, साधी चिठ्ठी लिहा. फक्त कपचीबद्दल."

झाला न्याय. एवढाच असतो तो.

निबंध छापून आला. वर पहिलं नाव चंद्रप्रकाश साहेबांचं, मग अनुपमाचं. ती भांडली, पण रतनचं नाव गेलंच नाही, त्या जागी 'एका स्थानिक स्त्रीनं' असं छापलं. कुंडलिकचं नाव कुठंच नव्हतं, त्याची अपेक्षाही नव्हती. त्याला मेमो मिळाला: वरिष्ठांशी उद्धट वर्तन. तंत्रज्ञाची जागा दुसऱ्याला गेली, ज्याला यंत्र दुरुस्त असल्याशिवाय जाडी कळत नव्हती. लवूला कुणी काही केलं नाही. सहा महिने निभले आणि तो पेन्शन घेऊन गावी गेला. चंद्रप्रकाश साहेब त्या दगडावर भाषणं द्यायला लागले. भाषणात ते सांगायचे, सगळ्यात आधी मला शंका आली ती गंजाबद्दल.

"ऐकलंस का?" कुंडलिक शकुला म्हणाला. "त्यांला शंका आली!"

"यिऊ दे. आपलं राकेल आलं का परत?"

आता रीतीप्रमाणं, दगडाचा निकाल लागला की कपची फेकून द्यायची. डबीतली अर्धी कुंडलिकनं मागल्या कंपाउंडापर्यंत नेलीही. पण फेकवेना. म्हणजे मायेनं नव्हे, रागानं. दगड नापास केला कुणी, पास झाला कुणामुळं, आणि ज्या बाईचा होता तिला काय? एक छापील ओळ, तीही बिननावाची. डिसेंबरात अनुपमा परत वाळवंटात निघाली तेव्हा त्यानं डबी तिच्या हातात दिली.

"रतनबाईला द्या. सांगा, तुमचं खरं निगालं."

महिन्यानं अनुपमा परतली. कुंडलिक काचपट्टी घासत होता. त्यानं मान वर केली.

"दिली?"

"दिली."

"काय म्हनली?"

अनुपमा हसावं की नाही अशा बेतात उभी. "डबी उघडली, कपची तळहातावर घेतली, उलटी-सुलटी करून बघितली. मी सांगितलं, मावशी, तुझं म्हणणं खरं ठरलं. तर म्हणाली, ते मला ठाऊकच होतं, मी पाहिलाच होता. पण एवढा मोठा धोंडा दिला होता, आणि परत आणलंत हे एवढंसं? बाकीचा काय खाल्लात?"

कुंडलिकचा हात काचेवर थांबला. मग तो इतक्या मोठ्यानं हसला की शेजारच्या खोलीतनं कुणीतरी डोकावलं. हसता हसता हसू आटलं आणि तोंड परत पहिल्यासारखं झालं.

"रास्त इचारलं बाईनं."

त्यानं हात पुसले, कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं: 'दगड आला तीन किलो. मालकिणीला परत गेली अर्धी कपची. बाकीचा कुठं, असा रतनबाईंचा सवाल आहे. उत्तर संस्थेनं द्यावं.' ती चिठ्ठी त्यानं कपाटातल्या दगडाच्या पेटीत, छापील निबंधाच्या वर ठेवली. पेटी उघडणाऱ्याला आधी तीच दिसावी अशी.

खाली सही केली. वेलांटी पार आडनावापर्यंत.